एकही टवका नाही

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे हळूमामा म्हणायचे. कुणी साचा उचलला की हे लगेच, "हळू, हळू!" कुणी दार लोटलं तरी, "हळू!" लग्न होऊन मी नवी नवी आले होते, तेव्हा जिना उतरताना मलाही म्हणाले, "हळू." मला वाटलं, किती जपतो हा माणूस मला! मग लक्षात आलं, माझ्या हातात कपांचा ट्रे होता. त्या दिवसापासून हे साचे माझी सवत आहेत, आणि सवतीचं कौतुक ऐकत मी म्हातारी झाले.

कारखाना किटल्यांचा. चहाची किटली, तिच्या जोडीचे कप, दुधाचं भांडं. किटली काही कुणी हातानं वळत नाही. प्लास्टरचा साचा असतो, दोन अर्ध्यांचा. दोन्ही अर्धे एकमेकांवर बसवायचे, पट्ट्यानं आवळायचे, आत पातळ माती ओतायची. साच्याच्या आतून मातीचा जरासा जाड थर धरला की उरलेली ओतून टाकायची आणि साचा उघडायचा, की आत किटली बसलेली. ऐकायला सोपं आहे. पण त्या दोन अर्ध्यांच्या कडा एकमेकींना अशा लागायला हव्यात की मधून केससुद्धा जाता कामा नये. जरा फट राहिली तर किटलीच्या पोटावर शिवण उमटते आणि भट्टीत ती नेमकी तिथंच तडकते. आता एका मापाचे साचे दिसायला सगळे सारखे, पण वर्षानुवर्षं वापरून प्रत्येक अर्धा आपापल्या जोडीदाराबरोबर झिजलेला. कुणाचा जोडीदार कोण हे कुठंही लिहिलेलं नाही. आमचे हे कडेवरून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, ही ह्याची, ती त्याची. दुसरं कुणी शिकायला तयारच झालं नाही, आणि ह्यांनीही कधी कुणाच्या मागे लागून शिकवलं नाही.

मग कारखाना विकला गेला. घेणाऱ्यांचा स्वतःचा मोठा कारखाना आहे, पार लांब, दुसऱ्या टोकाला. त्यांना आमची इमारत नको होती, भट्टी नको होती, माणसं तर मुळीच नको होती. हव्या होत्या त्या किटल्या, म्हणजे साचे. पहिल्यांदा त्यांनी आपल्या अकलेनं ट्रक पाठवला. हमालांनी साचे विटांसारखे रचले, वरून ताडपत्री टाकली आणि नेले. पोचेपर्यंत सगळ्याचं पीठ झालं. नशीब, निम्मे साचे अजून इथंच फळ्यांवर होते. मग तिथल्या मॅनेजरबाईंचा फोन आला.

बाई बोलायला गोड. म्हणाल्या, "मामा, उरलेले साचे तुम्हीच बांधा आणि लहान लहान खोक्यांतून पोस्टानं पाठवा. तुमच्याइतकं कुणाला जमत नाही म्हणे." हे लाजले. फोनवर लाजणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठं तोंडातून शब्द फुटला, "आणि मग माझं काय?"

"इथं साचे बसवायला माणूस लागला तर तुम्हालाच बोलवू," बाई म्हणाल्या. "राहायला खोलीही आहे, दोघांपुरती."

लागला तर. तेवढ्या दोन शब्दांना धरून मी पुढचे दिवस काढले. कारण आम्ही राहत होतो ते कारखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत, आणि त्या खोल्या कारखान्याबरोबर पाडल्या जाणार होत्या. साचे गेले की आम्हीही बाहेर. मूलबाळ नाही. जायचं तर माझ्या धाकट्या भावाकडं. भाऊ वाईट नाही हो, पण त्याच्या घरात त्याचंच काही चालत नाही, तिथं आमचं काय चालणार? मागे एकदा थोडे दिवस राहिलो होतो, तर आम्ही खोलीत बसलो की भावजय येऊन दिवा मालवायची. म्हणायची, "दोघंच तर आहात, बोलायला उजेड कशाला लागतो?" आम्ही मुकाट्यानं अंधारात बसायचो. ह्यांना तर बोलायचीच भीती वाटायची. तिथं नाक मुठीत धरून मरेपर्यंत राहायचं!

साचे बांधायला आम्ही कारखान्याच्या मोठ्या खोलीत बसलो. सगळे कामगार गेल्यावर ती खोली किती भली मोठी दिसत होती, शिंकलं तरी घुमायचं. ह्यांनी आधी साचे उन्हात वाळवून घेतले, कारण साचा ओला बांधला तर आतल्या आत ठिसूळ होतो. अंगाला कागद, प्लास्टिक नाही. प्लास्टिकनं घाम धरतो म्हणे. कागदावर कापड, मग पुठ्ठा, मग खोका, आणि तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात. दोन खोक्यांच्या मध्ये चारी बाजूंनी कागदाचे बोळे, तेही असे दाबून की बोट घालायला जागा राहू नये. खोका बंद झाला की कानाशी धरून हलवायचा. आत काही बोललं तर परत उघडायचा. आणि शेवटी तो कमरेच्या उंचीवरून जमिनीवर सोडून द्यायचा. पुढं एकदा पोस्टात, पार्सलाच्या खिडकीसमोरच त्यांनी असा खोका सोडला, तर खिडकीवरची बाई किंचाळली, "अहो मामा, काय करताय?" हे म्हणाले, "तुम्ही आपटणारच आहात, म्हणून मी आधी आपटून बघतो." बाई हसत सुटली. तिला खोटं म्हणता येईना.

पहिला साचा बांधायला घेतला तेव्हा मी पाहिलं, हे अंगठा फिरवून फिरवून दोन अर्धे शोधतायत, एकमेकांवर बसवतायत आणि तसाच बंद साचा बांधतायत.

"हे काय? जोडी लावून बांधताय?"

"मग? कड कडेवर बसली की झाकली जाते. सगळा जीव कडेतच असतो गं. साचा बंद असला की तो आपला आपल्याला सांभाळतो."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, मग तिथं बसवायचं काय राहिलं? खोका उघडला, पट्टा आवळला, माती ओतली. शेंबडं पोरही करेल! तुम्हाला कशाला बोलवतील?"

त्यांचा हात तसाच राहिला. शपथेवर सांगते, ह्या माणसाच्या डोक्यात तोपर्यंत हा विचार आलाच नव्हता. मला रडावं की त्यांना धरून हलवावं, कळेना.

"सुटे बांधा," मी म्हटलं. "एकेक अर्धा वेगळ्या खोक्यात. हा इकडं, तो तिकडं. उघडतील आणि डोक्याला हात लावून बसतील. मग बघा कसा फोन येतो ते."

"सुटा बांधला तर कड उघडी पडते."

"दुप्पट कागद लावा! हळूमामा म्हणवता ना? माझी शपथ आहे तुम्हाला."

शपथ घातल्यावर नाइलाज झाला. मग एक अर्धा घेतला, साधा, मधल्या मापाचा. असा बांधला तो, की मी आयुष्यात तसं बांधलेलं पाहिलं नाही. कडेला कापसाची पट्टी, वर कापड, वर जाड पुठ्ठ्याची पन्हळ करून बसवली. कापड सारखं करताना ओठ मिटून श्वास धरत होते. मी पण धरला होता. खोक्यात खोका घातला, हलवला, आवाज नाही. कमरेवरून सोडला. उघडला तर कडेला नखाएवढा टवका उडालेला.

ते बराच वेळ तो टवका बोटाच्या टोकावर घेऊन बसले. मग दुसरा अर्धा घेतला, आणखी कापूस, आणखी बोळे, खोका एवढा मोठा की त्यात मी मावले असते. पुन्हा सोडला. ह्या वेळी टवका नव्हता, कडेपासून पोटापर्यंत केसाएवढी चीर होती.

"मग आपटू नका ना!" मी ओरडले. "आपटलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय?"

"मी नाही आपटलं तरी ते आपटतील."

"अहो, पण..."

"फुटके पोचले तर मला काय फुटके बसवायला बोलवतील?"

मी पण गप्प बसणाऱ्यातली नाही. मी म्हटलं, "मग चुकीच्या जोड्या लावा. ह्याची कड त्याला. झाकलीही जाईल आणि कळणारही नाही." बोलताना मला माझंच कौतुक वाटलं, एवढी अक्कल मला आली कुठून.

ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी कुणाचं तरी लेकरू पळवून आणायला सांगितलं होतं. मग दोन वेगवेगळे अर्धे उचलले, एकमेकांवर ठेवले आणि अगदी जरासे फिरवले. करकर आवाज आला. पांढरी पूड खाली पडली. "वाटभर कडा अशाच घासत राहतील," ते म्हणाले. "पोचेपर्यंत दोघीही जातील."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मॅनेजरबाईंना फोन करायला लावला. शब्द मी पढवून दिले होते: साचे नाजूक आहेत, मी स्वतः घेऊन येतो, मीच बसवून देतो. ह्यांनी ते शाळेतल्या मुलासारखे म्हणून दाखवले. बाई म्हणाल्या, "तुम्ही कशाला एवढा त्रास घेता मामा? पाठवा तर आधी. गरज पडली की मी कळवतेच."

फोन ठेवला आणि हे परत जाऊन जोड्या लावायला बसले. तेव्हा माझा तोल सुटला. तोंडाला येईल ते बोलले मी. म्हटलं, "दगडमातीच्या कडा जपताय, घरातल्या बाईचं काय? तिला कुठल्या खोक्यात घालणार आहात? माझ्या भावजयीच्या? तुमच्या त्या साच्यांना जन्मभर माझ्याहून जास्त जपलंत, आता निदान एकदा त्यांना फुटू द्या! एकदा माझ्या बाजूनं उभे राहा!"

"फुटले तरी तुझ्या बाजूचं काही होत नाही ना गं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, काही नाही. "न फुटले तरीही होत नाही. मग फोडू कशाला?"

मी उठून खोलीवर निघून गेले. दार आपटलं, मुद्दाम. पण थोड्या वेळानं परत यावंच लागलं. सुतळी आवळली की गाठ मारेपर्यंत तिच्यावर बोट दाबून धरायला दुसरं माणूस लागतं, आणि तिथं दुसरं कोण होतं? आल्यावर मी सुतळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "बोलू नका माझ्याशी." ते बोलले नाहीत. असे आम्ही उरलेले सगळे साचे बांधले. प्रत्येक गाठीखाली माझं बोट होतं आणि प्रत्येक गाठीला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. आणि तरीही, कसं सांगू, एखादी गाठ ढिली वाटली तर मीच म्हणायचे, "परत मारा ही." हाताला लागलेली सवय कुणाची शपथ मानत नाही.

शेवटची खोकी हातगाडीवरून पोस्टात गेली. खिडकीवरची बाई म्हणाली, "संपली का मामा सगळी? आता करमणार नाही आम्हाला." हे हसले. मी रांगेतल्या बाकावर बसून राहिले. मला त्या खोक्यांकडं बघवत नव्हतं.

मग वाट बघणं सुरू झालं. मी फोन चार्जिंगलाच लावून ठेवायचे, भाजी आणायला गेले तरी धावत परत यायचे. मनात काय काय यायचं! एखादा साचा तरी बसणार नाही. नवीन माणसं आहेत, पट्टा वाकडा आवळतील, माती गळेल, बाई वैतागतील आणि म्हणतील, बोलवा त्या मामांना. तिकडं कारखान्यावरचे पत्रे उतरवायला सुरुवात झाली. धडाधड आवाज यायचा आणि हे ऐकत बसायचे. एकदाही कुणाला "हळू" म्हणाले नाहीत.

फोन आला तेव्हा मीच तो त्यांच्या हातात कोंबला आणि आवाज मोठा केला. मॅनेजरबाई आनंदात होत्या.

"मामा, एकही टवका नाही! एकही! आम्ही सगळे बघतच राहिलो. उघडलं, पट्टा आवळला, ओतलं. इथली नवीन मुलंच करतायत. पहिली भट्टी निघालीसुद्धा."

ह्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, आता मी ह्या माणसाला काहीतरी फेकून मारणार. एवढं घर बुडतंय आणि ह्यांना शाबासकी गोड लागते! हे विचारत होते, "शिवण नाही ना उमटली?"

"अजिबात नाही."

"मोठ्या किटलीला? तिच्या बुडाशी?"

"नाही हो. स्वच्छ."

"ती गोल पोटाची आहे ना, तिची तोटी काढताना जरा अडते. तिथं हलका हात लागतो."

"निघाली की. अलगद निघाली."

"आणि दुधाच्या भांड्याचा साचा? तो जुना आहे फार. तो... त्याला एक विशिष्ट बाजू खाली धरावी लागते. मुलांना माहीत नसेल. मी असतो तर..."

"तोही छान बसला मामा. काळजीच करू नका."

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हाताकडं गेलं. फोन कानाला न लावता समोर धरला होता, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांच्या एकेका पेरावरून पुढं सरकत होता. मग मला कळलं, हे शाबासकी ऐकत नव्हते. एकेक साचा आठवून विचारत होते. एकेक किटली, एकेक झाकण. कुठंतरी एखादी शिवण, एखादी गळती, काहीतरी सापडावं, एवढंसं काहीतरी, म्हणून दारोदार हात पसरल्यासारखं त्या बाईंना विचारत होते. आणि बाई बिचाऱ्या प्रत्येक वेळी त्यांना खूश करत होत्या.

"झाकणं?" ते शेवटी म्हणाले. "झाकणं बसतात ना सगळी?"

"सगळी. तुमचे किती आभार मानू तेच कळत नाही. काही म्हणजे काहीच गरज पडली नाही बघा."

"बरं," हे म्हणाले. "बरं झालं."

फोन बंद झाल्यावर मी त्यांच्यावर ओरडले नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले, खांद्याला खांदा लावून. बाहेर पत्रे पडत होते.

जायचं ठरलं तेव्हा हे एकदम कामाला लागले. उरलेले खोके, कागद, पुठ्ठे सगळं खोलीवर घेऊन आले. भिंतीवरचा आरसा उतरवला, घड्याळ उतरवलं, फळीवरच्या कपबशा, काचेची बरणी, माझ्या आईचा चिनी मातीचा वाडगा, सगळं जमिनीवर नीट मांडलं. कागदाचे बोळे करायला बसले. मला म्हणाले, "आरसा आधी बांधू. तू कोपऱ्यांना धर." किती दिवसांनी त्यांच्या आवाजात जरा जीव आला होता. मीही पदर खोचला आणि आरशाचे कोपरे धरले.

तेवढ्यात भावाचा फोन आला. कधी येताय, गाडी कुठली, सगळं प्रेमानं विचारलं. मग घुटमळला. म्हणाला, "ताई, एक सांगायचं होतं. फक्त कपडे आणा. बाकीचं सामान नको. म्हणजे, आण म्हटलं असतं गं, पण ही म्हणते ठेवायला जागा नाही. काचेचं तर नकोच."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ह्यांनी ऐकलं होतं. आरसा दोन्ही हातांत तसाच होता, अर्धा कागदात गुंडाळलेला. तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. मांडून ठेवलेल्या वस्तूंवरून त्यांनी नजर फिरवली, मग माझ्याकडं बघितलं. लहान मुलासारखं विचारलं, "मग मी बांधू काय?"

"काही नाही हो," मी म्हटलं. "कपडेच आहेत. ते पडले तरी फुटत नाहीत."